बारा लाख तंतूंचा हिशोब

गोष्ट १८८९ सालची. कोपनहेगनमधले नेत्रतज्ज्ञ यानिक ब्येरुम रुग्णाला तपासणीच्या खोलीत बसवायचे, दार लावून घ्यायचे आणि दाराच्या आतल्या बाजूचाच फळा करायचे. मधल्या खुणेवर नजर खिळवून ठेवा, असं रुग्णाला सांगायचं आणि काडीच्या टोकावरचा बारीकसा पांढरा ठिपका त्या खुणेभोवती सावकाश फिरवायचा. ठिपका कुठे नाहीसा होतो आणि कुठे पुन्हा उगवतो, हे रुग्णाने सांगायचं. तोवर दृष्टिक्षेत्र मोजताना मोठ्या खुणा वापरल्या जात आणि त्याही जवळून दाखवल्या जात. नजरेच्या मध्याजवळचे लहान दोष त्यातून निसटून जात. ब्येरुमनी अंतर वाढवलं, ठिपका लहान केला, आणि काचबिंदूच्या रुग्णांमध्ये त्यांना एक विशिष्ट आकार सापडू लागला. नजरेच्या मध्याच्या जरा बाजूला सुरू होऊन, त्या मध्याला वळसा घालून पलीकडे जाणारी एक कमान. त्या कमानीच्या पट्ट्यात ठिपका दिसत नसे.

आज दार आणि काडीची जागा संगणकाने घेतली आहे. तरी काचबिंदूच्या रुग्णाच्या फील्ड टेस्टचा कागद पाहिला तर त्यावर बहुधा तीच कमान काळी उमटलेली असते. नजर कमी व्हायची तर ती सगळीकडून सारखी का होत नाही? मध्यभाग शाबूत ठेवून, त्याला वळसा घालून ती का जाते? या प्रश्नाचं उत्तर डोळ्याच्या पडद्यावरच्या एका पातळ थरात आहे, आणि काचबिंदू नेमकं काय हिरावून नेतो तेही तिथेच कळतं.

पडद्याचा शेवटचा थर

प्रकाश कॉर्नियातून, बाहुलीतून आणि भिंगातून आत येतो आणि मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडतो. तिथे तो टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी साधारण नऊ ते बारा कोटी, आणि रंग व बारकावे ओळखणाऱ्या शंकुपेशी पन्नास-साठ लाख. शाळेच्या पुस्तकात आपण या दोघींबद्दल वाचतो आणि तिथेच थांबतो. पण या पेशींचा मेंदूशी थेट संबंध नसतो. त्यांचे संदेश मधल्या थरांतून जातात, तिथे त्यांची छाननी होते आणि शेवटी ते गँग्लिअन पेशींकडे पोचतात. डोळ्यातून बाहेर पडून मेंदूपर्यंत जाणारा लांब तंतू फक्त याच पेशींना असतो.

या गँग्लिअन पेशी एका डोळ्यात सरासरी दहा ते बारा लाख. माणसामाणसांत फरक बराच असतो. कुणाला सात लाख मिळालेल्या असतात, तर कुणाला पंधरा लाखांच्या आसपास. कोट्यवधी पेशींनी टिपलेलं सगळं या काही लाख तंतूंमधून पुढे जातं. पडद्याच्या कडेला शेकडो दंडपेशींचं काम एकेका गँग्लिअन पेशीकडे एकवटलेलं असतं. नजरेच्या अगदी केंद्रात मात्र प्रत्येक शंकुपेशीच्या वाट्याला स्वतःची गँग्लिअन पेशी येते. सुईत दोरा ओवणं किंवा औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणं जमतं ते या केंद्रामुळे.

सगळ्या गँग्लिअन पेशींचं काम सारखं नसतं. काही बारकावे आणि रंग कळवतात, काही हालचाल टिपतात. थोड्या पेशी तर स्वतःच प्रकाश ओळखतात. मेलानॉप्सिन नावाच्या रंगद्रव्यावर चालणाऱ्या या पेशींची ओळख २००२च्या सुमारास पक्की झाली. दिवस आहे की रात्र हे त्या मेंदूला सांगतात आणि बाहुलीचं आकुंचनही सांभाळतात. गँग्लिअन पेशी जातात तेव्हा अक्षरं वाचण्याखेरीजही बरंच काही पणाला लागलेलं असतं.

आता कमानीकडे वळू. पडद्याच्या सगळ्या भागांतून निघालेले तंतू एकाच जागी गोळा होतात. ही जागा नजरेच्या केंद्रापासून नाकाच्या बाजूला जेमतेम चार मिलिमीटरवर आहे आणि तिची रुंदी दीड मिलिमीटरच्या आसपास. डॉक्टर तिला डिस्क म्हणतात. कानाच्या बाजूकडून निघालेल्या तंतूंना सरळ रेषेत डिस्ककडे जायचं तर वाटेत नजरेचं केंद्र आडवं येतं. केंद्रावर तंतूंचं दाट आवरण पडलं असतं तर तिथली प्रतिमा अस्पष्ट झाली असती. म्हणून ते तंतू केंद्राला वळसा घालतात. अर्धे वरून जातात, अर्धे खालून. या दोघांच्या मध्ये एक आडवी सीमारेषा असते आणि ती कोणताही तंतू ओलांडत नाही. वळसा घातलेले हे तंतू डिस्कच्या वरच्या आणि खालच्या टोकातून बाहेर पडतात, आणि काचबिंदूत पहिला फटका बहुधा याच दोन टोकांना बसतो. ब्येरुमना दारावर दिसलेली कमान म्हणजे या तंतूंच्या वाटेचा नकाशा होता. पडद्यावर प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे खालचे तंतू गेले की नजरेचा वरचा भाग जातो आणि वरचे गेले की खालचा, एवढाच काय तो फरक.

चाळणीपाशी काय बिघडतं

डिस्कमधून बाहेर पडताना सगळे तंतू काटकोनात वळतात आणि एका जाळीतून जातात. डोळ्याच्या कडक पांढऱ्या कवचाला या जागी भोक नसतं, छिद्रांच्या चिवट थरांची चाळणी असते. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाकडे छिद्रं मोठी आणि त्यांना आधार देणारे धागे विरळ, हे १९८१ साली अमेरिकेतल्या हॅरी क्विग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं. तिथून जाणारे तंतू आधी का बळी पडतात, याचं एक मोठं कारण त्यामुळे कळलं.

या चाळणीवर आतून दाब असतो. डोळ्याच्या पुढच्या भागात दर मिनिटाला दोन ते अडीच मायक्रोलिटर पारदर्शक द्रव तयार होतो. तो बाहुलीतून पुढे येतो आणि कॉर्निया व परितारिका जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातो. तयार होणं आणि निचरा होणं यांच्या मेळातून डोळ्याचा दाब ठरतो. बहुतेक निरोगी डोळ्यांत तो १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा भरतो. निचऱ्याची जाळी हळूहळू निकामी झाली की दाब वर्षानुवर्षं चढा राहतो. हा खुल्या कोनाचा काचबिंदू. परितारिका पुढे सरकून कोनच बंद झाला तर तो बंद कोनाचा.

दाबाने चाळणी मागे वाकते, तिची छिद्रं तिरकी होतात आणि तंतू त्यात चेपले जातात. तंतू म्हणजे पेशीचाच एक लांबलचक भाग. त्याला लागणारा बहुतेक माल मूळ पेशीत तयार होऊन तंतूतून पुढे जातो, आणि मेंदूकडून येणारी, पेशीला जगवणारी प्रथिनं उलट दिशेने मागे येतात. दाब वाढवला की ही ये-जा नेमकी चाळणीपाशी अडते, हे १९७४ साली माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं. शिवाय डोळ्याच्या आत तंतूंवर मायलिनचं वेष्टन नसतं, ते चाळणी ओलांडल्यावरच सुरू होतं. वेष्टन नसलेल्या तंतूला संदेश पुढे नेण्यासाठी जास्त ऊर्जा खर्चावी लागते. ऊर्जेची गरज सर्वांत जास्त जिथे, तिथेच दाबाचा ताण सर्वांत जास्त आणि रक्तपुरवठाही नाजूक. अशा स्थितीत पोषण तुटलेली पेशी स्वतःला संपवण्याची यंत्रणा सुरू करते. क्विग्ली यांच्या गटाने १९९५ साली प्राण्यांमध्ये दाखवलेला हा मृत्यू शांतपणे होतो. सूज नाही, ठणका नाही.

तंतू गेले की डिस्कवर खळगा पडतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली ऑप्थॅल्मोस्कोप तयार केला आणि जिवंत माणसाची डिस्क पहिल्यांदाच नीट पाहता येऊ लागली. त्या नव्या उपकरणातून बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांना काचबिंदूतली डिस्क फुगलेली वाटली. एका डोळ्याने पाहताना उंचवटा आणि खळगा यांत गफलत होते. थोड्याच काळात तो खळगा असल्याचं स्पष्ट झालं, आणि तेव्हापासून आजपर्यंत काचबिंदूचं निदान या खळग्याभोवती फिरतं. डॉक्टर कागदावर ०.४, ०.७ असा जो आकडा लिहितात तो डिस्कच्या तुलनेत खळगा केवढा आहे, याचा असतो.

दाब हे सर्वांत मोठं कारण असलं तरी एकमेव कारण नाही. अमेरिकेत दाब चढा असलेल्या पण दृष्टिचेता, म्हणजे या तंतूंची मेंदूकडे जाणारी नस, धडधाकट असलेल्या १,६३६ लोकांचा पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. औषध न घेतलेल्यांपैकी पाच वर्षांत ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, औषध घेतलेल्यांपैकी ४.४ टक्क्यांना. याचा एक अर्थ असा की दाब उतरवल्याने धोका निम्म्यावर येतो. दुसरा अर्थ असा की दाब चढा असूनही दहातल्या नऊ जणांना निदान पाच वर्षं तरी काही होत नाही. याच्या उलट, कित्येकांचा दाब कधीही २१च्या वर जात नाही आणि तरी त्यांची नस सुकत जाते. प्रत्येकाची चाळणी, रक्तपुरवठा आणि पेशींची सहनशक्ती वेगळी असते. म्हणून नुसता दाब मोजून ‘काचबिंदू नाही’ असं म्हणता येत नाही.

वयाचा खर्च, आजाराचा खर्च

काचबिंदू नसलेल्या माणसाच्याही गँग्लिअन पेशी वयाबरोबर कमी होतात. निरनिराळ्या अभ्यासांतून साधारण दर वर्षी अर्धा टक्का किंवा त्याहून थोडी कमी, म्हणजे सुमारे पाच हजार तंतू, असा अंदाज निघतो. बारा लाखांपासून सुरुवात केली तर ऐंशीव्या वर्षी चार लाख गेलेले आणि आठ लाख शिल्लक. आठ लाखांवर माणूस पेपर वाचतो, रस्ता ओलांडतो, नातवंडांचे चेहरे ओळखतो. निसर्गाने जन्मतःच दिलेली ही शिल्लक आयुष्यभर पुरण्याइतकी आहे.

काचबिंदूत खर्चाचा वेग बदलतो. समजा, पन्नाशीपर्यंत वयाच्याच गतीने अडीच लाख गेले आणि साडेनऊ लाख उरले. तिथून पुढे आजारामुळे वर्षाला वीस हजार जाऊ लागले, तर ऐंशीव्या वर्षी साडेतीन लाखच हाती राहतात. ज्याची सुरुवातच आठ लाखांनी झाली, त्याचं काय होईल याचा हिशोब वाचकांनीच करून पाहावा. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्यक्षात वेग माणसागणिक बदलतो. पण काचबिंदूवरच्या सगळ्या उपचारांमागचा विचार या गणितात आहे. गेलेले तंतू परत आणता येत नाहीत. खर्चाचा वेग शक्य तितका वयाच्या वेगाजवळ आणायचा आणि उरलेली शिल्लक आयुष्य संपेपर्यंत पुरवायची.

म्हातारपणी नजरेत होणारे इतर बदल या हिशोबावर पांघरूण घालतात. चाळिशीत भिंग ताठर होतं आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो. बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर जुळायला वेळ लागतो, राखाडी पायरीवरची राखाडी कड पटकन उठून दिसत नाही. काचबिंदूतही सुरुवातीला अशाच गोष्टी जाणवतात. जिन्यात पायरी चुकते, संध्याकाळी रस्त्यावर दुचाकी अचानक बाजूने आल्यासारखी वाटते, वाचताना ओळ सुटते. घरातले म्हणतात, “वयच झालं आता.” वयाच्या नावावर ढकललेल्या या तक्रारींतल्या काही तक्रारी काचबिंदूच्या असतात, आणि तपासल्याशिवाय त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

मोतीबिंदूशी होणारी गल्लत तर आणखी महाग पडते. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसू लागतं, म्हणून ‘पिकू दे, मग बघू’ म्हणत थांबण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. काचबिंदूत थांबण्याचा प्रत्येक महिना तंतूंच्या रूपाने भरावा लागतो.

एवढं जाऊनही कळत का नाही

एक प्रयोग आत्ताच करून पाहा. दोन्ही हात समोर ताठ धरा, अंगठे उभे आणि शेजारी शेजारी. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे एकटक पाहत राहा आणि उजवा अंगठा त्याच उंचीवर सावकाश उजवीकडे सरकवा. वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर गेल्यावर उजव्या अंगठ्याचं टोक नाहीसं होतं, आणखी सरकवलं की परत येतं. ज्या जागी ते नाहीसं झालं तो तुमचा अंधबिंदू. डिस्कच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. फ्रान्सच्या एदम मारिऑट यांनी सतराव्या शतकात याचा शोध लावला.

आता त्या प्रयोगात काय दिसलं नाही, हे आठवा. तिथे काळं भोक दिसलं नाही. अंगठा गेला आणि त्याच्या जागी मागची भिंत आली. मेंदूने आजूबाजूचा रंग आणि पोत घेऊन ती जागा भरून काढली. जन्मापासून आपल्या प्रत्येक डोळ्यात हे भोक आहे आणि शोधायला बसल्याखेरीज ते कधी जाणवत नाही. काचबिंदूने केलेली भोकंही मेंदू असाच भरून काढतो. त्यात एका डोळ्याची जी जागा गेली, ती बहुधा दुसऱ्या डोळ्यात शाबूत असते. दोन्ही डोळे उघडे ठेवून जगणाऱ्याला चित्र पूर्णच दिसतं. नजरेचं केंद्र शेवटपर्यंत टिकून राहतं, त्यामुळे दवाखान्यातल्या तक्त्यावरची शेवटची ओळही घडाघडा वाचता येते.

माहितीपत्रकांत काचबिंदूच्या रुग्णाला कसं दिसतं हे दाखवताना भोवताली काळा अंधार आणि मध्ये गोल उजेड असं चित्र छापतात. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली ५० रुग्णांनाच विचारलं. तशा काळ्या बोगद्याचं चित्र एकानेही निवडलं नाही. निम्म्याहून अधिक जणांनी काही भाग धूसर दिसतो असं सांगितलं, काहींनी काही भाग गायब असतो असं सांगितलं, आणि २६ टक्के रुग्णांना आपल्या नजरेत काही उणं आहे याची जाणीवच नव्हती. छापील चित्राचा तोटा असा की ते पाहून माणूस स्वतःला तपासतो, काळं काही दिसत नाही म्हणून निर्धास्त होतो.

यंत्रालाही सुरुवातीचं नुकसान लगेच सापडत नाही. मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांतल्या पेशी मोजून त्याच व्यक्तींच्या जुन्या फील्ड टेस्टशी ताडून पाहिल्या गेल्या. टेस्टमध्ये स्पष्ट दोष दिसायला लागेपर्यंत २५ ते ३५ टक्के गँग्लिअन पेशी आधीच गेलेल्या असतात, असं त्यातून निघालं. ‘मला नीट दिसतंय’ या वाक्यावर विसंबून राहता येत नाही, ते यामुळे.

नस कशी पाहतात

आपल्याकडे दवाखान्यात दृष्टिचेतेला सरळ ‘नस’ म्हणतात, आणि काचबिंदूच्या तपासणीत सगळ्यांत महत्त्वाचं असतं ते ही नस पाहणं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मिळतो, पण तिथे नस पाहिली जात नाही. नेत्रतज्ज्ञ बाहुली मोठी करणारे थेंब घालून खळग्याचा आकार आणि कडा पाहतात, दाब मोजतात आणि आरसे बसवलेलं भिंग डोळ्यावर टेकवून निचऱ्याचा कोन खुला आहे की बंद, हे तपासतात.

दाबाच्या आकड्याचा अर्थ लावताना कॉर्नियाची जाडीही पाहावी लागते. कॉर्निया पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. या बाबतीत महाराष्ट्रातलीच माहिती हाताशी आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांची तपासणी केली. त्यांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती बहुधा ५४०च्या आसपास असते. परदेशातल्या लोकांवरून ठरलेली दाबाची मर्यादा विदर्भातल्या शेतकऱ्याला जशीच्या तशी लावली तर धोक्याचा डोळा ‘नॉर्मल’ ठरू शकतो.

ओसीटी हे तंत्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये विकसित झालं आणि १९९१ साली प्रसिद्ध झालं. प्रकाशाच्या साहाय्याने ते पडद्याच्या थरांची जाडी काही मायक्रॉनपर्यंत मोजतं. डिस्कभोवतीच्या तंतूंच्या थराची जाडी निरोगी तरुण डोळ्यात सरासरी शंभर मायक्रॉनच्या आसपास असते आणि वयाने ती थोडी थोडी उतरते. यंत्र रुग्णाच्या आकड्याची तुलना त्याच्याच वयाच्या निरोगी लोकांशी करतं, म्हणजे वयाचा खर्च आणि आजाराचा खर्च वेगळा काढण्याचा प्रयत्न करतं. त्याच माणसाची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा केली की खर्चाचा वेग कळतो.

फील्ड टेस्टला मात्र बरेच रुग्ण घाबरतात. एक डोळा झाकून पांढऱ्या अर्धगोलासमोर बसायचं, हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्यावर नजर ठेवायची आणि बाजूला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठिपके मंद होत होत इतके मंद होतात की आपण सगळंच चुकतोय असं वाटू लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येक जागी किती मंद प्रकाश दिसतो, याची सीमा शोधणं हेच यंत्राचं काम. त्यामुळे निरोगी माणसालाही जवळजवळ निम्मे ठिपके दिसत नाहीत. ठिपका शोधायला नजर फिरवली की मात्र टेस्ट वाया जाते. थकवा आला तर बटण दाबून धरायचं, यंत्र थांबतं. तंत्रज्ञाने आधी दोन मिनिटं घालवून एवढं समजावलं तर टेस्टचा दर्जा बदलतो.

थेंब, लेझर, शस्त्रक्रिया

आजघडीला आपल्या हातात एकच गोष्ट आहे, दाब उतरवणं. ती किती उपयोगाची आहे हे स्वीडनमधल्या एका अभ्यासाने दाखवलं. तिथे सुरुवातीच्या काचबिंदूच्या २५५ रुग्णांपैकी निम्म्यांना उपचार दिले गेले आणि निम्म्यांना बारीक देखरेखीखाली ठेवलं गेलं. २००२ आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दाब एक मिलिमीटरने उतरला की आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण दहा टक्क्यांनी घटतो. दाब ‘नॉर्मल’ असूनही काचबिंदू झालेल्यांमध्येही तो आणखी तीस टक्क्यांनी उतरवला तर आजाराची गती मंदावते, हे १९९८ साली दिसलं होतं.

टिमोलॉलचे थेंब १९७८ साली अमेरिकेत मंजूर झाले, रात्री एकदाच घालायचं लॅटानोप्रोस्ट १९९६ साली आलं. दम्याच्या रुग्णाने टिमोलॉल लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपला दमा आवर्जून सांगितला पाहिजे, कारण डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात जातो आणि श्वासनलिका आवळू शकतो. थेंब घालण्याची रीतही शिकून घ्यावी. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून ठेवायचा. दुसरं औषध असेल तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची.

या औषधांची खरी अडचण माणसाच्या स्वभावात आहे. थेंब घातल्याने नजर सुधारत नाही, उलट डोळा चुरचुरतो, आणि बंद केल्याने लगेच काही बिघडत नाही. दुखणं नाही, फायदा दिसत नाही, खर्च मात्र दर महिन्याचा. अशा वेळी थेंब सुटतात. म्हणून निचऱ्याच्या जाळीवर लेझर करण्याच्या पर्यायाला महत्त्व आहे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत सुरुवातीलाच लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांना तीन वर्षं थेंबांची गरज पडली नाही, हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. थेंब आणि लेझरने भागलं नाही तर शस्त्रक्रिया करून निचऱ्याला नवी वाट काढतात. केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेली ट्रॅबेक्युलेक्टमी आजही त्यासाठी वापरात आहे.

तंतू पुन्हा वाढवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. मासे आणि बेडूक आपली दृष्टिचेता पुन्हा वाढवू शकतात. सस्तन प्राण्यांत ते होत नाही. तरी हाता-पायाच्या नसेचा तुकडा जोडून दिला की उंदराच्या गँग्लिअन पेशींचे काही तंतू त्यातून पुन्हा वाढतात, हे मॉन्ट्रियलच्या आल्बर्ट अग्वायो यांच्या प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात दाखवलं. २०१७ साली ब जीवनसत्त्वाच्या बी-३ या प्रकाराने काचबिंदू होणाऱ्या उंदरांचे तंतू वाचल्याचं दिसलं आणि आता माणसांवर चाचण्या सुरू आहेत. २०२० साली हार्वर्डमधल्या गटाने तीन जनुकं वापरून उंदरांची काही दृष्टी परत मिळवली. हे वाचून कुणी मनानेच बी-३च्या मोठ्या गोळ्या सुरू करू नयेत, मोठ्या मात्रेत त्या यकृताला अपाय करू शकतात. आशा बाळगावी आणि तोवर थेंब चुकवू नयेत.

कुणी, केव्हा

२०१०च्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढचे सुमारे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूग्रस्त होते. त्यात खुल्या कोनाचे सुमारे ६५ लाख आणि बंद कोनाचे २५ लाख. दक्षिण भारतात घरोघरी फिरून केलेल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दर दहांपैकी नऊ जणांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता.

बंद कोनाच्या काचबिंदूचा झटका मात्र लपत नाही. डोळा लाल, असह्य दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, नजर धूसर आणि उलट्या. उलट्यांमुळे पित्त समजून किंवा डोकेदुखीमुळे अर्धशिशी समजून एक-दोन दिवस काढले जातात आणि तेवढ्यात नस कायमची जाते. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातून येतो. डोळे खाजतात, लाल होतात म्हणून मागितलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. त्याने दोन दिवसांत आराम पडतो, तीच बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते आणि काहींच्या डोळ्यांचा दाब चढत जातो. ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या शाळकरी मुलांचीही नजर अशी गेलेली आहे. चिठ्ठीशिवाय मिळणारे थेंब महिनोन्महिने घालणं ताबडतोब थांबवलं पाहिजे.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा नस तपासून घ्यावी. जास्त मायनस नंबर असलेल्यांनी, स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांनी तर टाळाटाळ करूच नये. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नातलगांना आयुष्यात काचबिंदू होण्याची शक्यता २२ टक्के निघाली. ज्यांच्या घरात आजार नव्हता त्यांच्यात ती २.३ टक्के होती. तपासणीला गेल्यावर दाबाचा आकडा ऐकून परत येऊ नका. “डॉक्टर, नस कशी आहे?” हा प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर लिहून मागा.

तुम्हाला स्वतःला काचबिंदू असेल तर पुढच्या तारखेला एकटे जाऊ नका. सख्ख्या भावंडांना आणि चाळिशीला आलेल्या मुलांना बरोबर न्या. त्यांच्यातल्या ज्यांची नस धडधाकट निघेल, त्यांच्याजवळ पुढे तुलना करायला आजचा आलेख राहील. आणि एखाद्याची तशी निघाली नाही, तरी त्याच्या हातात अजून लाखो तंतू असतील आणि उपचाराला पुरेसा वेळ असेल.